शंभरात किती

सिद्राम बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत टाइमकीपर होता. काम म्हणजे कामगारांची हजेरी मांडायची, पाळी बदलली की भोंगा वाजवायचा आणि उशिरा आलेल्याच्या नावापुढं खूण करायची. पण दीड वर्षात त्याला आणखी एक सवय लागली होती. कुठल्या साच्यातला माल जास्त फुटका निघतो, कुठल्या पाळीत निघतो, वाळू कधी ओली होती, हे तो हजेरीच्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर लिहून ठेवायचा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. वर्ष होतं चौऱ्यांशी, आणि त्याचं वय चोवीस.

एक दिवस ते रजिस्टर नाडगौडा साहेबांच्या हाती पडलं. नाडगौडा प्रॉडक्शन मॅनेजर. बैलहोंगलकडचे, घरी कन्नड बोलणारे, पण फाउंड्रीत सगळ्यांशी मराठीत बोलायचे. बंगळूरच्या एका मोठ्या मॅनेजमेंट संस्थेतून शिकून आलेला अख्ख्या उद्यमबागेत तो एकच माणूस होता. त्यांनी मागची पानं उलटसुलट वाचली आणि सिद्रामला केबिनमध्ये बोलावलं.

"हे कुणी लिहायला सांगितलं तुला?"

"कुणी न्हाय साहेब. दिसतंय ते लिवतोय."

"बस." साहेब पुन्हा पानं चाळू लागले. "आमच्या संस्थेत दोन वर्षं घासून हेच शिकवतात रे. तू परीक्षेला का बसत नाहीस?"

सिद्रामला वाटलं, साहेब थट्टा करताहेत. पण त्यांनी जुन्या ड्रॉइंगचा कागद उलटा केला आणि पेन काढलं.

"मी तुला खोटं सांगणार नाही. हजारो पोरं बसतात, दीडशे घेतात. त्यातली निम्मी इंजिनियर. तुझं काय? बी. कॉम., अठ्ठावन्न टक्के. दहावीपर्यंत मराठी मीडियम. लेखी परीक्षेत गणित तुला जाईल, इंग्लिश मार देणार. त्यातनं निभावलास तर पुढं ग्रुप डिस्कशन. तिथं मुंबई-दिल्लीची पोरं बसतात, बोलायला लागली की थांबत नाहीत. त्यानंतर इंटरव्ह्यू." त्यांनी कागदावर तीनचा आकडा काढला. "शंभरात तीन."

सिद्राम त्या आकड्याकडं बघत राहिला. त्याला वाईट वाटलं नाही. तीन म्हणजे काहीतरी होतं.

"थांब थांब," साहेब म्हणाले. "मी विसरलोच. तू एस.सी.त येतोस न्हवं? मग हिशेबच बदलला. त्या जागा वेगळ्या असतात, आणि तेवढी पोरं लेखी पासच होत नाहीत. चाळीस धर. पंचेचाळीससुद्धा."

"साहेब, आम्ही बौद्ध."

"तेच की रे."

"गावात तेच. कागदावर तेच हाय का न्हाय, ते बघाय लागंल."

महिन्याभरानं फॉर्म पोस्टानं आला तेव्हा ते कळलं. जातीच्या दाखल्याचा नमुना फॉर्मला जोडलेला होता. अर्जदार हिंदू किंवा शीख धर्माचा आहे, अशी ओळ त्यात छापलेली होती. नाडगौडा साहेबांनी ती दोनदा वाचली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "एकदा तहसीलला विचारून तर बघ."

सिद्रामचं घर निपाणीला, आणि निपाणी तेव्हा चिकोडी तालुक्यात होती. सिद्राम रजा काढून चिकोडीला गेला. तहसील कचेरीतला कारकून उतारवयाचा होता, सभ्य होता. त्यानं शाळेचा दाखला डोळ्यांजवळ धरून वाचला आणि मान हलवली.

"आगूदिल्ल री. होत नाही. इथं बौद्ध लिहिलंय."

"जात तीच हाय की साहेब."

"तुम्ही लोक म्हणता जात सोडली. मग सरकारपण म्हणतंय, सोडली."

"गावानं सोडली न्हाय."

कारकुनानं दाखला घडी घालून परत दिला. "ते मला माहीत आहे," तो म्हणाला. "पण दाखल्यावर गाव सही करत नाही, तहसीलदार करतात. शाळेतनं हिंदू म्हणून लिहून आणा. आजच्या आज सही घेऊन देतो."

निपाणीच्या बसमध्ये बसल्यावर सिद्रामच्या मनात एक वाक्य आलं. पहिलं होतं तसंच राहिलं असतं तर. ते वाक्य आलं आणि त्याला आपलीच इतकी लाज वाटली, की शेजारी बसलेल्या बाईला ते ऐकू गेलं असेल असं वाटून त्यानं तोंड फिरवलं.

कारण पहिलं तसं होतं. सिद्राम पहिलीत गेला तेव्हा मास्तरांनी न विचारताच रजिस्टरात 'हिंदू महार' असं लिहिलं होतं. त्याचा बाप आण्णाप्पा तंबाखूच्या वखारीत जर्दा चाळायचं काम करायचा. छप्पन सालानंतर गल्लीतल्या सगळ्यांबरोबर त्यानं दीक्षा घेतली होती. पोरगा चौथीत असताना आण्णाप्पाला ही नोंद कळली. मग तो वखारीतून अर्धा दिवस सुटी काढून शाळेत जाऊ लागला. आज हेडमास्तर नाहीत, आज अर्ज चुकला, आज साक्षीदार आणा. अकरा खेपा झाल्या. अकराव्या खेपेला हेडमास्तरांनी लाल शाईनं जुनी नोंद खोडली, वर 'बौद्ध' लिहिलं आणि आण्णाप्पाची खाली सही घेतली. वाचायला न येणाऱ्या आण्णाप्पानं त्या सहीसाठी महिनाभर पाटीवर नाव गिरवलं होतं. त्या दिवशी घरी गोड झालं होतं. सिद्रामला ते चांगलं आठवत होतं.

घरी आला तेव्हा आई, तानीबाई, उंबऱ्याजवळ बसून विडीची पानं कातरत होती. तिनं त्याच्याकडं एकदा बघितलं.

"मिळाला का कागद?"

"न्हाय. आपण बौद्ध लिवलंय न्हवं, तसल्यांना देत न्हाईत."

"कुणाला देतात मग?"

"हिंदू लिवलेल्यांना."

आईनं कात्री थांबवली नाही. पण बाहेर पाय धूत उभ्या असलेल्या आण्णाप्पाचा पाण्याचा आवाज थांबला. तो आत आला आणि टॉवेलानं पाय पुसले. जेवताना त्यानं फाउंड्रीत भट्टी कशी पेटवतात ते विचारलं.

पुढच्या शनिवारी सिद्राम घरी आला. आण्णाप्पा आधीच घरात होता, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट.

"सकाळी शाळंत गेलतो," तो म्हणाला.

"कशाला?"

"हेडमास्तर नवा हाय. पोरगाच हाय. चांगला वागला. रजिस्टर काढून दावलं. लाल शाईतलं अजून तसंच हाय, खाली माझी सही."

"आप्पा, कशाला गेलतासा ते सांगा."

"म्हटलं, पयलं हुतं तसं करा."

सिद्राम उठून उभा राहिला. "तुम्हाला कुणी सांगितलं हुतं जायाला? मी म्हटलो हुतो काय?"

"तू कशाला म्हणतोस?" आण्णाप्पा शांत होता. "मला ऐकू येत न्हाय व्हय?"

"आणि तुम्ही त्याच्यापुढं हात जोडलासा?"

"कागदावर लिवलं म्हणून मी काय परत देवळाच्या पायरीखाली जाऊन हुबा ऱ्हाणार न्हवतो. तुझं काम झालं असतं." त्यानं शर्टाची बाही सारखी केली. "पर हेडमास्तर म्हणाला, आण्णाप्पा, दुरुस्ती एकदाच हुतीया. दुसऱ्यांदा खोडायचं तर कोर्टातनं आणाय लागतंय, आणि कोर्ट बी विचारंल, पयलं खोटं का दुसरं खोटं." मग तो हसला, पण हसताना खोकल्याची उबळ आली आणि हसू त्यातच संपलं. "अकरा खेपा घालून पक्कं करून घेतलं रं. लई पक्कं झालं."

सिद्राम खाली बसला. आपण ओरडलो ते बापावर नव्हे, हे त्याला कळत होतं. बसमधलं ते वाक्य त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि बाप तेच वाक्य पांढरा शर्ट घालून हेडमास्तरांपुढं बोलून आला होता.

फॉर्म त्यानं खुल्या जागेसाठी भरला.

तो शहापुरात एका विणकराच्या घरी पुढच्या खोलीत भाड्यानं राहायचा. नाडगौडा साहेबांनी त्याला आपलं जुनं जाडजूड पुस्तक दिलं. पहाटे मागच्या खोलीत माग सुरू व्हायचा आणि त्या खटखटीत सिद्राम इंग्लिश शब्द पाठ करायचा, रोज तीस. फाउंड्रीत जेवणाच्या सुटीत साहेब त्याला दहा शब्द विचारायचे. चुकला की काही बोलायचे नाहीत, फक्त पुढचा शब्द विचारायचे. गणिताची त्याला भीती नव्हती. पण इंग्लिश उतारे वाचताना प्रत्येक ओळ कळायची आणि सगळा उतारा मिळून काय म्हणतोय ते निसटायचं. डिसेंबरात बंगळूरला जाऊन त्यानं परीक्षा दिली. परत येताना लोंढ्याला गाडी बराच वेळ उभी होती. तो फलाटावर उतरून चहा प्यायला, आणि सुटलेले प्रश्न आठवू नयेत म्हणून समोरच्या मालगाडीचे डबे मोजत राहिला.

मार्चमध्ये पाकीट आलं. ग्रुप डिस्कशन आणि इंटरव्ह्यूचं बोलावणं. नाडगौडा साहेबांनी ते पत्र ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं आणि मग सिद्रामला बाजूला घेऊन म्हणाले, "आता शंभरात वीस. खरंच सांगतो. वीस."

बंगळूरला एका लांबट खोलीत दहा जण गोल बसले होते. सरकारी कारखाने खाजगी करावेत का, असा विषय होता. एक जण बोलायला लागला, तो थांबायच्या आत दुसरा लागला. सिद्रामनं मनात दोन वाक्यं तयार केली. तोंड उघडलं की कुणीतरी सुरुवात केलेली असायची. पंधरा मिनिटं झाली. भिंतीजवळ बसलेले दोन प्राध्यापक कागदावर काहीतरी लिहीत होते आणि त्यांच्या पेनांच्या हालचालीवरून सिद्रामला कळत होतं, आपल्या नावापुढं काहीच लिहिलं जात नाही. शेवटी समोरची एक मुलगी म्हणाली, "ह्यांना बोलू द्या." सगळे एकदम गप्प झाले आणि त्या शांततेत त्याची दोन्ही वाक्यं उडून गेली. तो मोडक्या इंग्लिशमध्ये एवढंच म्हणाला, की वाळू ओली असेल तर माल फुटतो, मालक कुणीही असो. कुणीतरी हसलं. घंटा झाली.

इंटरव्ह्यूला तीन प्राध्यापक होते. त्यातल्या वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "वाळूचं काय म्हणत होता तुम्ही?" सिद्राम सांगू लागला आणि इंग्लिश शब्द अडले. ते म्हणाले, "कन्नडात सांगा की." निपाणीच्या बाजारात लहानपणापासून कानावर पडलेल्या कन्नडात मग मात्र तो बोलला. कुठल्या पाळीत किती माल फुटतो, पाणी मारणारा माणूस एकच असून दोन भट्ट्यांवर कसा पळतो, त्याला एका जागी ठेवल्यावर काय झालं. त्यानं टेबलावरचा कागद ओढून त्यावर आकडे मांडले. ते गृहस्थ खुर्ची पुढं सरकवून बघत होते. वीस मिनिटांनी तो बाहेर आला. आयुष्यात पहिल्यांदा आपलं म्हणणं कुणीतरी पूर्ण ऐकून घेतलं, असं त्याला वाटलं.

मेमध्ये निकाल आला. निवड झाली नव्हती. नकारही नव्हता. वेटिंग लिस्टवर तो सातवा होता.

नाडगौडा साहेबांना त्याच्याहून जास्त आनंद झाला. "अरे, पोरं सोडतात. कुणी अमेरिकेला जातं, कुणी दुसऱ्या संस्थेत. आमच्या वेळी दहाव्यापर्यंत घेतलेलं. सातवा म्हणजे शंभरात सत्तर!"

ते सत्तर घेऊन सिद्राम घरी गेला. घरात तो आकडा सत्तर राहिला नाही. तानीबाईनं शेजारच्या अंबुबाईला सांगितलं, पोराला बंगळूरला बोलावणं आलंय. अंबुबाईनं गल्लीला सांगितलं. आईनं नवी वाकळ शिवायला घेतली. आण्णाप्पानं वखारीत सांगितलं की नाही ते त्यानं घरी बोलून दाखवलं नाही. पण एका संध्याकाळी वखारीतला एक म्हातारा वाटेत थांबून सिद्रामला म्हणाला, "जा बाबा, जा. आमच्यातला एक तरी खुर्चीवर बसलेला बघू दे."

संस्था एक जुलैला सुरू होणार होती. दर सोमवारी साहेब आपल्या टेबलावरून बंगळूरला ट्रंक कॉल लावायचे. त्यांचा एक वर्गमित्र तिथंच नोकरीला होता. पहिल्या सोमवारी कळलं, तीन पोरं गळाली, सिद्राम चौथा. दुसऱ्या सोमवारी तिसरा. तिसऱ्या सोमवारी दुसरा. या सगळ्यात सिद्रामनं करण्यासारखं काहीच नव्हतं. शब्द पाठ करून उपयोग नव्हता, गणित सोडवून उपयोग नव्हता. कुठल्यातरी शहरातल्या, त्यानं कधी न बघितलेल्या दोन पोरांनी मन बदलायचं होतं. तो हजेरी मांडायचा आणि मध्येच थांबून फोनच्या खोलीकडं बघायचा. कामगारांनाही कळलं होतं. पाळी बदलताना कुणीतरी विचारायचंच, "कितवा आला रं?"

शेवटच्या सोमवारी फोन उशिरा लागला. साहेब केबिनमध्ये उभ्यानंच बोलले, कन्नडात. सिद्राम दारात होता. फोन ठेवल्यावर साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून दुसऱ्या जागी ठेवला.

"यादी बंद झाली, सिद्राम. एकच गळाला. तू पहिला राहिलास."

"बरं," सिद्राम म्हणाला.

"बस थोडा."

"नको साहेब. पाळी बदलायची हाय."

"एक सांगायला नको, पण मला आत ठेवता येत नाही." साहेब दारापर्यंत आले. "मित्र म्हणाला, चार राखीव जागा भरल्याच नाहीत. पोरंच मिळाली नाहीत म्हणे. रिकाम्या राहणार. तुझे मार्क त्यांच्या यादीत घातले असते तर पहिला आला असतास."

सिद्रामनं मान हलवली आणि जाऊन भोंगा वाजवला. दुसऱ्या पाळीची माणसं आत आली, त्यानं एकेकाच्या नावापुढं खुणा केल्या. त्या दिवशी त्यानं मागच्या पानावर काही लिहिलं नाही. खोलीवर जाताना बसस्टॉपवर त्याला चार रिकाम्या खुर्च्या दिसत राहिल्या. खुर्च्या कशा असतील हे त्याला माहीत होतं, तसल्याच एका खुर्चीवर बसून त्यानं वाळूचे आकडे मांडले होते. राग कुणावर काढायचा तेच त्याला सुचत नव्हतं. कारकून चांगला होता. हेडमास्तर चांगला होता. प्राध्यापकांनी ऐकून घेतलं होतं. बापानं तर दोन्ही वेळा त्याच्यासाठीच खेपा घातल्या होत्या.

शनिवारी निपाणीला पोचेपर्यंत त्यानं एकच गोष्ट ठरवली होती. चार जागांचं घरात सांगायचं नाही.

आई चुलीपुढं होती. आण्णाप्पा भिंतीला टेकून बसला होता. सिद्रामनं चपला काढायच्या आधीच सांगून टाकलं, "न्हाय झालं."

आईनं हातातली भाकरी तव्यावर टाकली. ती करपायला लागली तरी तिनं उलटली नाही. आण्णाप्पानं विचारलं, "त्या कागदापायीच?"

"न्हाय, आप्पा."

"खरं सांग."

"इंग्लिशापायी. मला बोलता आलं न्हाय तिथं. बाकीची पोरं फाडफाड बोलत हुती. माझं इंग्लिश कच्चं."

आण्णाप्पानं त्याच्या तोंडाकडं बघितलं. सिद्रामनं नजर हलू दिली नाही. मग म्हाताऱ्याच्या छातीतून एक लांब श्वास बाहेर आला. वर्षभर तिथंच अडकून पडला असावा, इतका लांब.

"इंग्लिश व्हय," तो म्हणाला. "मग त्यात काय एवढं? इंग्लिश शिकता येतंय. पुढल्या साली परत बस."

"बघू."

"बघू न्हाय. बसायचं."

पुढच्या शनिवारी सिद्राम आला तेव्हा त्याच्या अंथरुणावर इंग्लिश वर्तमानपत्रांची चळत होती. आण्णाप्पा रोज वखारीतून सुटल्यावर स्टँडवर जायचा. बेळगावच्या बसनं आलेला, ड्रायव्हरनं किंवा कुणा प्रवाशानं वाचून टाकलेला पेपर मागून आणायचा. कन्नडचे आणि मराठीचे बाजूला सारून इंग्लिशचा कसा ओळखायचा, हे त्यानं स्टँडवरच्या पेपरवाल्याकडून शिकून घेतलं होतं. दोन पेपर चहानं भिजले होते, ते त्यानं उन्हात वाळवले होते.

"वाच," तो म्हणाला. "मोठ्यानं वाच. तोंडाला सवय हुईल."

सिद्रामनं वरचा पेपर उचलला. चार दिवसांपूर्वीचा होता. पहिल्या पानावर कुठल्यातरी पुलाच्या उद्घाटनाची बातमी होती. तो वाचू लागला. शब्द येत होते, अडत नव्हते. हे सगळे त्यानं मागाच्या खटखटीत पाठ केलेले शब्द होते. आण्णाप्पा समोर मांडी घालून बसला होता, एक अक्षर न कळता, हनुवटी थोडी वर करून. मध्ये सिद्राम थांबला तर त्यानं हातानं खूण केली, पुढं.

आई आतून म्हणाली, "जेवाय बसा की आता."

"थांब गं," आण्णाप्पा म्हणाला. "अजून पान उलटायचं हाय."

सिद्रामनं पान उलटलं.